अडीचातले दीड देवीचे

साध्या रविवारी गुरुरावांच्या घरच्या केसरीभातात माणशी दोन काजू पडतात. पाहुणे असले तर चार. भानुमतीच्या बशीत आज अकरा निघाले. तिनं चमच्यानं ते एका बाजूला सारून मोजले आणि मनाशी म्हटलं, अय्यो देवा, आज काहीतरी मोठं उकळायचा बेत दिसतोय.

"अत्ते, अजून वाढू?" किरणकुमारनं विचारलं, तेही कमरेत वाकून.

हा तिचा थोरला भाचा. गेल्या आठ महिन्यांत त्यानं अत्तेला एकदाच फोन केला होता, आणि तोही चुकून लागला होता. आज मात्र सकाळीच स्वतःची गाडी घेऊन मैसूरच्या टोकाला, हूटगळ्ळीला तिच्या दारात हजर! बसनं येते म्हटलं तर ऐकेना. गाडीत एसी असा लावला की तिचे गुडघे आखडले. पण इतका प्रेमाचा पूर आलेला असताना तक्रार करणं बरं दिसत नाही, म्हणून लष्कर मोहल्ल्यापर्यंत ती पदर घट्ट लपेटून बसली.

घर दुकानाच्या डोक्यावर. खाली 'सुलाखे अँड सन्स', छापील चादरी, पडदे आणि साड्या. आजोबांच्या काळी मागच्या अंगणात रंगाच्या कढया उकळायच्या. आता तिथे किरणची गाडी उभी राहते आणि कापड बाहेरून छापून येतं. वर हॉलमध्ये आज सगळे नेमून दिल्यासारखे बसले होते. आरामखुर्चीत तिचा भाऊ गुरुराव, वय बहात्तर, नजर पंख्याकडे. दिवाणाच्या कोपऱ्यात वेंकोजीराव, दुकानाचे हिशेबनीस, मांडीवर लाल कापडी बांधणीची वही. धाकटा भाचा राघवेंद्र कॉलेजात शिकवत असल्यामुळे घरात काहीच बोलत नसे. तो पेपरमागे होता. आणि त्याची बायको मृदुला, नाशिकची, लग्नाला दीड वर्ष, हेब्बाळच्या एका कंपनीत फायनान्सला. ती बोलली की किरण म्हणायचा, "बातम्या सुरू झाल्या." कारण तिच्या मराठीत कन्नडचा एक थेंब नाही.

"अत्ते, तुम्हाला एक खुशखबर," किरणनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "आपली शोरूम होतेय. हूटगळ्ळीला. तुमच्या घरापासून चालत पाच मिनिटं! तिकडे दर महिन्याला नवीन घरं होतात की नाही? घर आलं की पडदे आले, बेडशीट आली. साठ लाखांचं लोन. बँक तयार आहे."

"फार छान. आणि त्यात मी कुठे आले?"

"तुम्ही सुम्ने एक सही करायची. तारण म्हणून तुमच्या घराचे पेपर लागतात. फॉर्मॅलिटी, अष्टे, एवढंच."

सुम्ने म्हणजे उगाच, सहज. मैसुरात ज्या गोष्टीत माणसाला गळ्यापर्यंत बुडवायचं असतं, तिच्याआधी हा शब्द लावायची पद्धत आहे. भानुमतीनं बशी खाली ठेवली.

तीस बाय चाळीसच्या साइटवरचं, म्हणजे प्लॉटवरचं, ते घर तिनं शाळेत एकतीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवून बांधलं होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि ती या भावाकडे आली. बावीस वर्षं राहिली. भावानं कधी एका शब्दानं दुखवलं नाही. ते काम वहिनी होती तोवर वहिनीनं चोख पार पाडलं. मग हूटगळ्ळीला, कुत्रं फिरकत नव्हतं तेव्हा, साइट घेतली, अकरा वर्षं हप्ते फेडले. आता खाली भाडेकरू, वर ती. भाडं आणि पेन्शन, दोन्ही मिळून तिचं चालायचं, आणि सकाळी कॉफी किती वाजता करायची हे कुणाला विचारावं लागायचं नाही. ते घर गेलं तर ती पुन्हा याच हॉलमध्ये, याच दिवाणावर येणार होती, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी.

"तुमचं स्वतःचं दुकान आहे की. ते ठेवा तारण."

"ते ओव्हरड्राफ्टला आधीच दिलंय," किरण म्हणाला, जणू मोठं बक्षीस मिळालं होतं. "पण घाबरायचं काही नाही. आपले रेशो बघा! बँकेचा माणूस बघतच राहिला. करंट रेशो दोन पॉइंट पाच! इतरांना दीड दाखवताना घाम फुटतो."

"मराठीत सांग रे, राजा."

"म्हणजे असं. वर्षभरात लोकांचं आपण जे देणं लागतो, त्यातल्या प्रत्येक रुपयामागे आपल्याकडे अडीच रुपये आहेत. देणं चाळीस लाख. आपल्याकडे एक कोटी."

"एक कोटी आहेत?"

"आहेत!"

"मग साठ लाखांसाठी बँकेत कशाला गेलास? घरातनंच घ्यायचे की."

वेंकोजीरावांना खोकला आला. पेपर जरासा खाली झाला आणि राघवेंद्रचे डोळे दिसले.

"तसं नसतं, अत्ते," किरणचा आवाज शाळेतल्या मुलाला समजावावं तसा मऊ झाला. "ते रोख नसतात. मालात असतात."

भानुमतीनं पाहिलं, मृदुलानं ओठ आत ओढून घेतले होते. तोंडात आलेला शब्द गिळताना सुना करतात तसं. बावीस वर्षं तिनंही या हॉलमध्ये तेच केलं होतं, त्यामुळे तिला ते लांबून ओळखता येत होतं.

"मृदुला, काय गिळलंस आत्ता?"

"काही नाही, आत्या."

"तिला काय विचारता?" किरण हसला. "तिचं कंपनीचं वेगळं. हे कापडाचं आहे."

"सांग की," पेपरमागून आवाज आला. "विचारतायत ना."

राघवेंद्रचं हे त्या दिवसाचं पहिलं वाक्य. किरणनं भावाकडे असं बघितलं की जणू घरातल्या टेबलानं बोलायला सुरुवात केली.

मृदुलानं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. ते अजून पंख्याकडेच बघत होते. मग ती म्हणाली, "एक कोटीत माल किती, ते आधी पाहायचं. चौऱ्याऐंशी लाख. गिऱ्हाइकांकडून येणं बारा लाख. बँक आणि गल्ला मिळून चार. समजा, ज्यांचं आपण देणं लागतो ते सगळे उद्या दारात आले. त्यांना पैशाच्या जागी चादरी देऊन चालणार नाही. माल बाजूला काढला की उरतात सोळा लाख. द्यायचे चाळीस. म्हणजे रुपयामागे चाळीस पैसे."

"अडीच रुपयांचे चाळीस पैसे झाले गं बाई! एका मिनिटात."

"कापडाच्या दुकानात माल असणारच ना!" किरणचा आवाज चढला. "माल नाही ठेवायचा तर काय, रेशो विकायचे?"

"बरोबर आहे, भावजी. माल असणं वाईट नाही. तो किती वेगानं फिरतो, ते महत्त्वाचं." मृदुला थांबली नाही. "वर्षभरात जो माल विकला, त्याची खरेदी बेचाळीस लाख. शिल्लक माल चौऱ्याऐंशी. म्हणजे आजपासून एक वार कापडही आणलं नाही, तरी आहे तेवढं विकायला दोन वर्षं लागतील. चार-सहा महिन्यांचा माल असता तर मी काही बोलले नसते. दोन वर्षांचा माल... मला तो आकडा वाचूनच विचित्र वाटला होता."

"वाचला कधी?" भानुमतीनं विचारलं.

"भावजींनी फाइल जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. पंधरा दिवस झाले."

पंधरा दिवस ही पोरगी हे पोटात ठेवून पोळ्या लाटत होती. भानुमतीला तिची दया आली आणि रागही आला. पण आधी दुसराच प्रश्न डोक्यात घुसला होता.

"दोन वर्षांचा माल आहे कुठे?" ती म्हणाली. "आत्ता मी दुकानातनंच वर आले. अर्ध्या फळ्यांवर नुसती जुनी कॅलेंडरं. चौऱ्याऐंशी लाख तिथे मावतील कसे?"

शेजारच्या वर्कशॉपमध्ये रविवार असूनही कुणीतरी पत्रा ठोकत होतं. वेंकोजीरावांनी मान वर केली आणि सवयीनं माळ्याच्या फळीकडे पाहिलं. फक्त एक क्षण. भानुमतीनंही वर पाहिलं.

माळ्यावर देवीचा कपडा होता.

सुलाखे मूळचे रंगारी. नवीन छाप निघाला किंवा नवीन लॉट आला की त्यातला पहिला नग हिंगुळांबिका देवीचा. कोपऱ्याला हळदकुंकू लावायचं, घडी घालायची आणि माळ्यावर ठेवायचा. तो विकायचा नाही, नेसायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. फ्रॉक घालायच्या वयात भानुमतीच ते नग शिडीवरून वर नेऊन ठेवायची. त्यात वाईट काही नव्हतं. भक्ती होती आणि कापड स्वस्त होतं. पण दसऱ्याच्या आयुधपूजेला कात्री, गज आणि वह्यांना गंध लावून झालं की तिचे वडील माळ्यावरचे नगही मोजायचे, प्रत्येकाच्या चिठ्ठीवरची जुनी किंमत खोडायचे आणि शेकडा आठ वाढवून नवी लिहायचे. देवीचा माल गेल्या वर्षीच्या भावात कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी तिला तो पूजेचाच भाग वाटायचा.

"वेंकोजीराव," तिनं हळूच विचारलं, "देवीचा कपडा तुम्ही कुठे लिहिता?"

"शिल्लक मालात, अक्का."

"शिल्लक मालात!"

"मोठ्या मालकांच्या वेळेपासून तसंच आहे. मी आपलं चालू ठेवलं." म्हाताऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा निरागस होता. "एक नग इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पंधराशे तीन नग. एकसष्ट लाख."

मृदुलाच्या हातातलं पेन थांबलं. हे तिलाही माहीत नव्हतं. "थांबा. म्हणजे हा माल विकायचाच नाही?"

"देवीचा आहे, सूनबाई," वेंकोजीराव दुखावले. "विकतात होय?"

वा! बँकेच्या कागदावर साक्षात जगदंबा सुलाखे अँड सन्सची सगळ्यात मोठी मालदार म्हणून बसली होती, आणि बँकेचा माणूस तिच्याकडे बघतच राहिला होता. बिचाऱ्यानं हात तरी जोडायचे होते. भानुमतीला हसू आवरेना. पण तिच्यासमोरच्या कागदावर सहीची जागा पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली होती.

"अडीचातले दीड देवीचे," मृदुला स्वतःशीच म्हणाली आणि कागदावर भराभर लिहू लागली. "एक कोटीतून एकसष्ट गेले. उरले एकोणचाळीस लाख. देणं चाळीस. रुपयामागे रुपयासुद्धा नाही, आत्या. साडेसत्त्याण्णव पैसे. आणि त्यातही माल धरून."

"मला हे कुणी सांगितलंच नव्हतं!" किरण उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. भानुमतीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. नाटकं तो लहानपणापासून करायचा, पण त्याला ती नीट जमत कधीच नव्हती. हे नाटक नव्हतं. अडीच या आकड्यावर पोरानं खरोखरच विश्वास ठेवला होता, रात्रंदिवस शोरूमचे नकाशे काढले होते, आणि तो आकडा त्याच्या आजोबांनी हळदकुंकू लावून तयार केला होता. मग एकदम त्याचे डोळे चमकले. "मग विकून टाकू की, अल्वा, हो की नाही? सेल लावू. एकसष्ट लाख आहेत वर!"

"किरण!" गुरुराव पहिल्यांदा बोलले.

"बघू तर दे, अण्णा," भानुमती म्हणाली. "राघू, एक काढ रे खाली."

राघवेंद्रनं पेपर ठेवला, स्टुलावर चढून हात घातला आणि एक गठ्ठा काढला. वरची साडी मरून, आंब्याच्या छापाची. चिठ्ठीवर एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल आणि बाजूला किंमत अडतीस रुपये. त्याच्याखाली खोडलेल्या आकड्यांची रांग, आधी भानुमतीच्या वडिलांच्या अक्षरात, मग गुरुरावांच्या. शेवटचा आकडा, न खोडलेला, एक हजार नऊशे पंचवीस.

"उघड."

मृदुलानं दोन बोटांनी पदर उचलला. साडी घडीवर पापडासारखी मोडली. दुसरी घडीही मोडली. तिनं घाबरून हात मागे घेतला आणि दिवाणावर मरून रंगाचा भुगा पडला.

"एकोणीसशे पंचवीस रुपये," भानुमती म्हणाली. "बघून घे, किरणा. सेलमध्ये डिस्काउंट किती देणार?"

किरण खाली बसला.

"एक विचारू, वेंकोजीराव?" मृदुला आता सून राहिली नव्हती, ऑफिसात असावी तशी दिसत होती. "दरवर्षी ही जी किंमत वाढते, ती नफ्यात धरता?"

"शिल्लक माल वाढला की नफा वाढणारच."

"गेल्या वर्षी देवीच्या मालात वाढ किती?"

"साडेचार लाख."

"आणि दुकानाचा सगळा नफा?"

"चार लाख दहा हजार."

मृदुलानं वजाबाकी कागदावर केलीसुद्धा नाही. भानुमतीनंही केली नाही. शिवणाच्या टीचरला कापड कमी पडलं की हाताला कळतं.

"म्हणजे चाळीस हजार तोटा," भानुमती म्हणाली. "आणि इन्कम टॅक्स?"

"भरला की, अक्का!" वेंकोजीराव अभिमानानं म्हणाले. "एकही वर्ष उशीर नाही."

तोट्यावर वेळेत टॅक्स भरणारं दुकान! सरकारनं खरं तर या लोकांचा सत्कार करायला हवा होता. भानुमती पुढं आणखी काही बोलणार होती, पण तिची नजर भावाकडे गेली. गुरुराव आता पंख्याकडे बघत नव्हते. ते चिठ्ठीवरच्या स्वतःच्या अक्षराकडे बघत होते. त्यांना धक्का बसलेला नव्हता.

"अण्णा. तुला माहीत होतं."

"हौदु."

"कधीपासून?"

"दहा-बारा वर्षं झाली. मॉलवाले आले तेव्हापासून." ते सावकाश बोलत होते. "बाबांनी दुकान माझ्या हातात दिलं तेव्हा नफ्यात होतं, भानू. त्यांची वाढ म्हणजे दहा-वीस हजारांची मौज. दुकान त्यावर चालत नव्हतं. माझ्या वेळेला दुकानच त्यावर आलं. एका आयुधपूजेला वाटलं, यंदा आठ टक्के नको लिहायला. पण नाही लिहिलं तर तोटा दिसत होता. शंभर वर्षांच्या वह्यांत पहिला तोटा, आणि तो माझ्या अक्षरात? म्हटलं, पुढच्या वर्षी धंदा वर आला की काढून टाकू. दरवर्षी तेच म्हटलं."

"आणि माझं घर?" भानुमतीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "किरणाला माहीत नव्हतं, त्याला मी चार शिव्या देईन आणि सोडून देईन. वेंकोजीरावांना कळत नाही. पण तुला माहीत होतं. माहीत असून तू मला गाडी पाठवलीस! बावीस वर्षं मी इथं जेवले ते मी विसरले नाही, अण्णा. कुणी विसरू पण दिलं नाही. पण त्याची किंमत अशी लावायची होती तर सरळ सांगायचं होतंस. या भुग्यावर माझं घर ठेवायला निघालास?"

तिला रडू आलं. तिला रडायचं नव्हतं, विशेषतः किरणसमोर, पण आलं. मृदुलानं तिच्याजवळ सरकून पाण्याचा ग्लास धरला.

"मामंजी," मृदुला खाली मान घालून म्हणाली, "एक सांगू? देवीचा माल काढला, तर खरा माल तेवीस लाखांचा. वर्षाला बेचाळीस विकला जातो. जवळजवळ दोनदा फिरतो. दुकान मेलेलं नाही. लहान आहे, एवढंच. देणी फेडत लहानच चालवलं तर..."

"लहान!" किरण कडवट हसला. "बँकेला हे कळलं तर लोन गेलंच. मी त्या जागेवाल्याला काय तोंड दाखवू?"

गुरुरावांनी हात पुढे केला. "वेंकोजीराव, बँकेचा तो कागद द्या. स्टॉकचा."

"मी लिहितो की, मालक."

"नको. मीच लिहितो."

त्यांनी चौऱ्याऐंशी लाखांवर रेघ मारली आणि तेवीस लिहिले. नफ्याच्या आकड्यावर रेघ मारली. तिथं पेन बराच वेळ टेकून राहिलं, कागदावर निळा ठिपका पसरत गेला. मग त्यांनी 'तोटा' असं पूर्ण शब्दांत लिहिलं, पुढे चाळीस हजार आणि खाली सही. वेंकोजीरावांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. राघवेंद्र वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

भानुमतीनं डोळे पुसले, फुली मारलेला कागद उचलला आणि किरणच्या लॅपटॉपवर ठेवला.

"मी सही करणार नाही, अण्णा."

आयुष्यात या माणसाला ती पहिल्यांदा नाही म्हणत होती. आता काहीतरी कोसळेल असं वाटून ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"करू नकोस," गुरुराव म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते, पेनाचं टोपण लावत होते आणि ते बसत नव्हतं. "आज तू मला रडून सांगितलंस म्हणून कळलं. उद्या हा किरण रडेल. पुढच्या आयुधपूजेपर्यंत मलाच वाटायला लागेल की एवढं काही वाईट नव्हतं. मी ओळखतो मला. येईन मी तुझ्या दारात, भानू, गोड बोलत." टोपण बसलं. "मी मागितली तरी करू नकोस."